निळा जरबेरा, निळी शेवंती आणि आपली टिश्यू कल्चर लॅब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मावळात आपली पॉलिहाऊसे आहेत आणि जोडीला जरबेरा, कार्नेशन व शेवंतीची रोपे तयार करणारी लहानशी टिश्यू कल्चर प्रयोगशाळाही आहे. लॅमिनार फ्लो (निर्जंतुक हवेत काम करण्याचे टेबल), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), वातानुकूलित वाढ-कक्ष आणि हात बसलेल्या चार कामगार मुली आहेत. तर मग बाहेरून ‘निळे जनुक’ मिळवून याच प्रयोगशाळेत निळा जरबेरा किंवा निळी शेवंती तयार करता येईल का, आणि येत असेल तर आणखी काय घ्यावे लागेल? शिवाय टिश्यू कल्चरची रोपे म्हणजे ‘जीएम’ (जनुक-सुधारित) रोपे, असे काही गिऱ्हाइके म्हणतात, ते कितपत खरे, हेही आपण विचारले आहे.

दुसरा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सोपा आहे. टिश्यू कल्चर ही रोपे वाढवण्याची पद्धत आहे. तिच्यात बाहेरचे जनुक येत नाही. जळगाव भागात लागणारी ग्रँड नैन केळी कंदाच्या वाढबिंदूपासून बाटलीत वाढवलेली असते आणि तिची जनुके मूळ झाडाचीच असतात. आपल्या कार्नेशनचेही तेच आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेखाली टिश्यू कल्चर रोपांना जे प्रमाणपत्र मिळते, तेही रोप विषाणूमुक्त आणि मूळ वाणाबरहुकूम असल्याचे असते. त्याचा जीएमशी संबंध नाही. उलट बाजूने मात्र नाते घट्ट आहे. बाजारात आलेले जवळजवळ प्रत्येक जनुक-सुधारित फूलझाड कधी ना कधी बाटलीतून गेलेले आहे. गिऱ्हाइकांचा घोटाळा बहुधा यातूनच होत असावा.

आता मुख्य प्रश्न. माझे उत्तर असे आहे की जनुक पेशीत घालणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. आपले काम अडेल ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. आधी अडेल ते पुनर्जननाशी, म्हणजे पानाच्या तुकड्यापासून नवा कोंब उगवण्याशी, आणि नंतर अडेल ते पाकळीच्या रसायनाशी. कायद्याचा भाग तिसरा, त्याकडे शेवटी येतो.

आपली प्रयोगशाळा आज जे करते ते नीट पाहिले तर लक्षात येईल की ती नवे कोंब निर्माण करत नाही, असलेले डोळे जागे करते. शेवंतीच्या किंवा कार्नेशनच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक तयार डोळा असतो. सायटोकायनिन हे कोंब फोडणारे संप्रेरक दिले की तो फुटतो, फुटलेल्या कोंबावर पुन्हा डोळे असतात आणि गुणाकार चालू राहतो. जरबेऱ्याची सुरुवात कोवळ्या बोंडाच्या तुकड्यांपासून होते हे खरे, परंतु एकदा कोंब हाती आले की पुढचे सगळे गुणन त्या झुबक्यातल्या बेचक्यांतूनच होते. धंद्यासाठी हीच पद्धत योग्य आहे, कारण डोळ्यातला वाढबिंदू शाबूत राहतो आणि हजारो रोपे एकसारखी निघतात. मांसल गाठ म्हणजे कॅलस तयार होऊ लागली की आपल्या मुली ती कापून टाकतात, कारण कॅलसमधून आलेल्या रोपांत पाकळ्यांची संख्या, देठाची लांबी, कधी रंगही बदललेला दिसतो आणि मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते.

जनुक-स्थानांतरणाला नेमका तोच मार्ग लागतो जो आपण टाळता. जनुक शिरते ते एका पेशीत. तयार डोळ्यात शेकडो पेशी असतात; त्यातल्या एका पेशीत जनुक शिरले तर फार तर कोंबाचा एखादा पट्टा बदलेल, उरलेला कोंब जुनाच राहील. म्हणून पानाच्या किंवा देठाच्या अशा तुकड्यापासून सुरुवात करावी लागते ज्यात एकही डोळा नाही, आणि कापलेल्या कडेच्या एखाद्या पेशीपासून थेट पूर्ण कोंब उगवावा लागतो. हे ज्या वाणात घडते त्या वाणात जनुक घालता येते. ज्यात घडत नाही त्यात ते घालून उपयोग नाही. हा गुण वाणागणिक बदलतो. शेवंतीच्या एका वाणाच्या पानातून एका तुकड्यावर पाच-सात कोंब सहज येतात, तर शेजारच्या रॅकवरच्या दुसऱ्या वाणाचे तुकडे त्याच माध्यमावर फुगतात, तपकिरी पडतात आणि तेवढ्यावर थांबतात. आपला सर्वांत जास्त विकला जाणारा वाण पहिल्या गटातला असेलच असे नाही. माझा अनुभव बहुधा उलटच आहे.

या विषयाच्या इतिहासात पेटुनियाचे नाव पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तरही यातच आहे. १९८५ मध्ये पानाच्या चकत्यांची पद्धत प्रसिद्ध झाली, ती पेटुनिया, तंबाखू आणि टोमॅटो यांच्यावर. १९८७ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे मक्याचे जनुक घालून विटकरी रंगाचे फूल मिळवले ते पेटुनियाचे. १९९० मध्ये जांभळा रंग गडद करायला निघालेल्या अमेरिकन संशोधकांना पांढरी फुले मिळाली तीही पेटुनियाचीच. २०२४ मध्ये अमेरिकेत बुरशीची जनुके घातलेले आणि अंधारात मंद चमकणारे झाड विक्रीला आले, तेसुद्धा पेटुनिया. पेटुनियाला बाजारात फार भाव आहे म्हणून हे झाले असे नाही. त्याच्या पानाचा तुकडा साध्या माध्यमावर ठेवला तरी त्याच्या कडेने कोंब फुटतात, हे मोठे कारण आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे आपल्या सोयी कुठे पुरतात आणि कुठे नाही हे आपल्यालाच दिसेल. जनुक वाहून नेते ते अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या जमिनीतल्या जिवाणूची एक निरुपद्रवी केलेली जात. गुलाबाच्या रोपवाटिकेत कलमांच्या बुडाशी खरबरीत गाठी येतात, त्या याच जिवाणूच्या. निसर्गात तो स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो आणि पेशीकडून गाठ बनवून घेतो. प्रयोगशाळेत गाठीची जनुके काढून त्या जागी आपल्याला हवी ती ठेवलेली असतात. निर्जंतुक वाढवलेल्या रोपाची वरची, पूर्ण उघडलेली पण कोवळी पाने घेऊन साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करायचे, ते एक-दोन दिवस पुनर्जननाच्या माध्यमावर ठेवायचे आणि मग जिवाणूच्या पातळ द्रावणात दहा ते वीस मिनिटे बुडवायचे. द्रावणात अ‍ॅसिटोसिरिंगोन घालतात. जखमी झाड सोडते तसलेच हे द्रव्य असून त्याने जिवाणूची जनुक-हस्तांतराची यंत्रणा जागी होते. त्यानंतर तुकडे निर्जंतुक टिपकागदावर चांगले टिपून दोन-तीन दिवस अंधारात जिवाणूसकट ठेवायचे. टिपण्यात कुचराई झाली तर तिसऱ्या दिवशी तुकड्याभोवती पांढुरकी साय दिसते, आणि मग तो जिवाणू पुढे महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.

येथे आपल्या प्रयोगशाळेचा स्वभावच आडवा येतो. आपण सगळे आयुष्य जिवाणूंना बाटलीबाहेर ठेवण्यात घालवले आहे. येथे तो मुद्दाम आत घ्यायचा आणि नंतर सेफोटॅक्सिमसारख्या प्रतिजैविकाने हटवायचा. त्यामुळे हे काम गुणनाच्या खोलीत, त्याच लॅमिनार फ्लोखाली करणे मला अजिबात मान्य नाही. वेगळी खोली, वेगळा फ्लो, वेगळा शेकर आणि टाकाऊ माध्यम ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाईल अशी शिस्त हवी. सेफोटॅक्सिम माध्यमात फार दिवस टिकत नाही, म्हणून दर दोन आठवड्यांनी तुकडे नव्या माध्यमावर घ्यावे लागतात. व्यापारी प्रयोगशाळेत चार आठवड्यांच्या फेरीची सवय असते. ती येथे मोडावी लागते.

पुढची पायरी निवडीची. नव्या जनुकासोबत बहुधा कॅनामायसिन किंवा हायग्रोमायसिन सहन करण्याचे जनुकही घातलेले असते, म्हणजे त्या प्रतिजैविकाच्या माध्यमावर बदललेल्या पेशी जगतात आणि बाकीच्या पांढऱ्या पडतात. किती मात्रा घ्यायची हे पुस्तकातून उचलू नये. आधी न बदललेल्या पानांचे तुकडे चढत्या मात्रांवर ठेवून, कोणत्या मात्रेवर त्यांना एकही कोंब येत नाही, ते आपल्या वाणासाठी पाहावे. नाहीतर मात्रा कमी पडून चुकार कोंब भरमसाट येतात, किंवा जास्त होऊन बदललेली पेशीही कोंब धरत नाही. शेवंतीत निवडीनंतर हाती येणारे खरे कोंब शेकडा तुकड्यांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, पुष्कळ वाणांत तेवढेही नसतात. हिरवा कोंब दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. तो प्रतिजैविक असलेल्याच माध्यमावर मुळे धरतो का हे पाहावे, कारण मुळे कोंबापेक्षा जास्त नाजूक असतात आणि चुकार कोंबाचे पितळ तेथे उघडे पडते. जनुक आहे की नाही हे दाखवणाऱ्या पीसीआर चाचणीतही एक फसवणूक आहे. पेशींच्या फटीत लपलेल्या जिवाणूतही तेच जनुक असल्यामुळे चाचणी होकारार्थी येऊ शकते. म्हणून जिवाणूत असते पण झाडात कधीच जात नाही असे एखादे जनुक सोबत तपासावे. ते दिसले तर तो होकार झाडाचा नव्हे, जिवाणूचा समजावा.

यातूनही तरलेला कोंब पूर्णपणे बदललेला असेल याची खात्री नसते. वाढबिंदूत पेशींचे थर असतात, आणि कधी एखादाच थर बदललेला असतो. अशा रोपाला कायमेरा म्हणतात. जपानच्या सनटोरी कंपनीच्या प्रसिद्ध ‘निळ्या’ गुलाबात बाहेरचे जनुक फक्त सर्वांत वरच्या थरात आहे. पाकळीचा रंग मुख्यतः त्याच थरात असल्यामुळे फूल रंगते, आणि परागकण आतल्या थरातून तयार होत असल्यामुळे ते जनुक परागकणांत जात नाही. कंपनीच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच ठरली, कारण शेजारच्या गुलाबांत जनुक पसरण्याची भीती त्यामुळे फारशी उरली नाही.

आता रंगाकडे येतो, कारण आपला खरा रस तेथे आहे. फुलांतले नारिंगी, लाल, जांभळे आणि निळे रंग मोठ्या प्रमाणात अँथोसायनिन या गटातून येतात, आणि त्यांचे तीन मुख्य पाये आहेत. पेलार्गोनिडिन नारिंगी-लालसर, सायनिडिन लाल-किरमिजी आणि डेल्फिनिडिन जांभळ्या-निळ्याकडे झुकणारा. पेशी एकाच कच्च्या मालापासून या तिघांकडे जाते. कोणत्या वाटेने जायचे हे तिच्याकडे कोणती विकरे (एन्झाइमे) आहेत यावर ठरते. गुलाब, कार्नेशन, शेवंती आणि जरबेरा या चौघांकडे डेल्फिनिडिनकडे नेणारे विकर नाही. म्हणूनच शतकानुशतके संकर करूनही यांच्यापैकी कोणाचेही खरे निळे फूल निघाले नाही. दादरच्या फूलबाजारात दिसणारे गर्द निळे गुलाब पांढऱ्या फुलाला रंग पाजून किंवा रंगात बुडवून केलेले असतात. देठ कापून पाहिले तर बहुधा आत निळी रेघ सापडते.

हे विकर बनवणारे जनुक ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या कंपनीने, म्हणजे पुढे जी फ्लोरिजीन नावाने ओळखली गेली तिने, १९९१ मध्ये पेटुनियातून वेगळे केले. ते कार्नेशनमध्ये चालले आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘मूनडस्ट’ नावाचे कार्नेशन बाजारात आले. त्यासाठी मुद्दाम पांढऱ्या फुलाचा वाण निवडला होता, ज्यात रंगाच्या साखळीतले पुढचे एक विकर मुळातच निकामी होते. त्यामुळे त्या वाणाचा स्वतःचा लाल रंग तयार होण्याचा मार्ग बंद होता. पेटुनियाची दोन जनुके घालून सगळा कच्चा माल डेल्फिनिडिनकडे वळवला गेला. वाण निवडण्यातली ही हुशारी मला जनुक शोधण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

गुलाबाने मात्र अंत पाहिला. पेटुनियाचे जे जनुक कार्नेशनमध्ये चालले ते गुलाबात चालले नाही. शेवटी पॅन्सीच्या कुळातल्या फुलाचे जनुक कामी आले. गुलाबाच्या शंभराहून अधिक वाणांच्या पाकळ्यांतला रस तपासून, ज्यांचा सामू (पीएच) तुलनेने वर, म्हणजे आंबटपणा कमी आहे आणि ज्यांच्यात साथीला फ्लॅव्होनॉल ही रंगहीन द्रव्ये भरपूर आहेत, तेच वाण घेतले गेले. २००४ मध्ये हा गुलाब जाहीर झाला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाने जपानमध्ये एका फुलाला २००० ते ३००० येन भावाने विक्रीला आला. पाकळीतले जवळजवळ सगळे रंगद्रव्य डेल्फिनिडिन असूनही फूल आपल्या डोळ्यांना फिकट जांभळे दिसते. हा मुद्दा स्वयंपाकघरात पडताळता येतो. गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकावीत आणि त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळावे. पाणी लगेच जांभळे-गुलाबी होते. रंगद्रव्य तेच, आंबटपणा बदलला. गुलाबाच्या पाकळीतल्या पेशीचा रस बराच आंबट असतो, कार्नेशनचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. म्हणून डेल्फिनिडिन आणून ठेवणे ही अर्धीच लढाई आहे. ते निळे दिसण्यासाठी पेशीतला सामू आणि सोबतची रंगहीन साथद्रव्ये अनुकूल हवीत, आणि ही दोन्ही वाणाची स्वतःची असतात.

आपण शेवंतीचे नाव काढले आहे, म्हणून हे उदाहरण जरा सविस्तर. जपानच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील आणि सनटोरीतील संशोधकांनी आधी कॅम्पानुला या फुलाचे जनुक शेवंतीत घातले, तेव्हा रंग जांभळा आला. २०१७ मध्ये त्यांनी आणखी एक जनुक जोडले. ते रंगद्रव्याच्या दोन जागी साखरेचा रेणू चिकटवणारे विकर बनवते, आणि ते घेतले होते गोकर्णातून, म्हणजे आपल्याकडे कुंपणावर चढतो आणि महादेवाला वाहिला जातो त्याच वेलातून. असे साखर चिकटलेले डेल्फिनिडिन शेवंतीत मुळातच असलेल्या फ्लॅव्होन द्रव्यांशी जोडी जमवते आणि फूल खरोखर निळे दिसते. ही जोडी जमेल असा हिशेब संशोधकांनी आधी केला नव्हता. शेवंतीच्या घरातच ते द्रव्य तयार असल्यामुळे दोन जनुकांवर काम भागले. यातला आणखी एक धडा प्रवर्तकाचा, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या कळीचा. तंबाखू-पेटुनियात उत्तम चालणारा फुलकोबीच्या विषाणूचा ३५एस प्रवर्तक शेवंतीत फारसा साथ देत नाही. तेथे शेवंतीचाच पाकळीत चालणारा प्रवर्तक वापरावा लागला. एवढे होऊनही ही शेवंती बाजारात सोडलेली नाही, कारण जपानमध्ये शेवंतीच्या रानटी भाईबंदांशी तिचा संकर होऊ शकतो, आणि म्हणून आधी तिला वांझ करण्यावर काम चालले आहे.

जरबेऱ्यात जनुक-स्थानांतरण होते, याविषयी शंका नाही. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने १९९३ मध्येच जरबेऱ्यात रंगसाखळीचे पहिले विकर दाबून लाल फूल फिकट केल्याचे प्रसिद्ध केले; त्यासाठी पानांच्या देठांचे तुकडे वापरले होते. परंतु फिकट करणे म्हणजे चालू नळ बंद करणे; निळे करणे म्हणजे नवा नळ बसवून त्यातून योग्य सामूचे पाणी येईल याची व्यवस्था करणे. निळ्या जरबेऱ्याच्या मागे लागण्याआधी आपल्या वाणाच्या पाकळ्या वाटून रसाचा सामू तरी मोजून पाहावा, असे मी सुचवेन. तो चारच्या आसपास निघाला तर निळा रंग विसरावा.

समजा सगळे जुळले, तरी रंग टिकेल का हा प्रश्न उरतो. कोलोनच्या त्या विटकरी पेटुनियाची १९९० मध्ये सुमारे ३०,००० झाडे शेतात लावली होती. हंगामाच्या सुरुवातीला फुले ठरल्यासारखी आली आणि पुढे कडक ऊन पडू लागल्यावर पुष्कळ झाडांच्या फुलांचा रंग उतरला. जनुक जागेवर होते, पण त्याच्या प्रवर्तकावर रासायनिक खुणा उमटून ते मिटले होते. अमेरिकेतल्या पांढऱ्या पेटुनियांतही असेच काहीसे घडले होते. रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातल्यावर झाडाने जादा आणि मूळ अशा दोन्ही प्रती गप्प केल्या. त्या गोंधळाचा उलगडा होताना जनुकांना आरएनएच्या साहाय्याने गप्प करण्याची यंत्रणा उजेडात येत गेली. व्यवहारात याचा अर्थ असा की प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली पहिले फूल निळे आले म्हणून वाण तयार झाला असे समजू नये. एकाच जनुकाचे वीस-पंचवीस स्वतंत्र कोंब वाढवून, त्यांची कलमे मावळच्या पावसाळी ढगाळ हवेत आणि एप्रिलच्या उन्हात, दोन्हीत फुलवून पाहावी लागतात. बहुतेक कोंब त्यात गळतात.

कायद्याचे म्हणाल तर भारतात पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालचे १९८९ चे नियम फुलांना वेगळे मानत नाहीत. खायचे पीक नाही म्हणून सूट, असे काही नाही. प्रयोगशाळेतल्या पहिल्या प्रयोगापासून संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, जिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला सदस्य असतो. त्यावर आरसीजीएम ही जनुकीय फेरफारांची आढावा समिती, आणि पर्यावरणात सोडण्यासाठी पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी ही मूल्यमापन समिती. आपल्याकडे व्यापारी लागवडीत असलेले जीएम पीक आजही कापूस हेच आहे. याशिवाय निळ्या रंगाच्या जनुकांवरचे हक्क कंपन्यांकडे आहेत, संशोधनासाठी मिळणारी प्लाझ्मिडे (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी) धंद्यासाठी वापरू नयेत या अटीवर मिळतात, आणि आपल्या पॉलिहाऊसातले बरेच जरबेरा-कार्नेशन वाण परदेशी पैदासकारांचे, स्वामित्वशुल्क भरून आणलेले असतात. अशा वाणात एक जनुक घालून तो आपला म्हणता येत नाही. वनस्पती वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात मूळ वाणापासून मुख्यत्वे साधित झालेल्या वाणांची तरतूद याचसाठी आहे.

परवानगीशिवाय गुपचूप केले तर कोणाला कळणार, असा विचार काही लोक करतात. २०१५ मध्ये हेलसिंकी रेल्वे स्थानकाजवळच्या कुंड्यांत तिमू तीरी या संशोधकाला नारिंगी पेटुनिया दिसल्या. पेटुनिया स्वतःहून तसा नारिंगी रंग देत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी नमुना तपासला, तर आत मक्याचे तेच जुने जनुक निघाले. २०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेत कितीतरी वाणांची रोपे आणि बियाणे बाजारातून काढून नष्ट करावे लागले, आणि त्यात ज्यांना ते जनुक आपल्या मालात आहे याची कल्पनाही नव्हती असे रोपवाटिकाधारकही भरडले गेले. रंगच ओरडून सांगणारे जनुक लपवता येत नाही.

हल्ली जनुक-संपादनाची चर्चा आहे आणि आपण पुढचा प्रश्न त्याचाच विचाराल. ३० मार्च २०२२ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनाने, बाहेरचे जनुक शिल्लक न ठेवता केलेल्या लहान संपादनांना १९८९ च्या नियमांतील मोठ्या भागातून सूट मिळाली आहे. परंतु संपादनाने झाडात असलेले बंद करता येते किंवा किंचित बदलता येते. नसलेले डेल्फिनिडिन त्याने येणार नाही. पांढऱ्या शेवंतीत पिवळी कॅरोटिनॉइडे तोडणारे एक विकर असते, ते बंद पडले तर पांढऱ्याची पिवळी होते, हे ठाऊक आहे. म्हणजे रंगाची अशी एखादी पायरी संपादनाच्या आवाक्यात येते. त्यातही आपल्या लागवडीतली शेवंती गुणसूत्रांच्या सहा संचांची असल्यामुळे त्याच जनुकाच्या सगळ्या प्रती बंद कराव्या लागतात. आणखी एक गाठ अशी की संपादनाची कात्री, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारे प्रथिन बनवणारे जनुक, सहसा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमनेच आत घालतात, आणि काम झाल्यावर ती काढून टाकण्यासाठी भातात पुढच्या पिढीत वेगळी झालेली रोपे निवडतात. शेवंती किंवा गुलाब बियांवर नेला की वाणच मोडतो. त्यामुळे कलमांवर चालणाऱ्या फुलांत कात्री प्रथिनाच्या रूपात थेट पेशीत घालावी लागते. त्यासाठी पेशीभित्ती काढलेल्या नग्न पेशींपासून रोप उभे करावे लागते, आणि तेथे पुनर्जननाची अट आणखी कडक होते.

मग आपण काय करावे? माझ्या मते आपल्या सोयींत बसणारा, परवानग्यांच्या फेऱ्यात न अडकणारा आणि शेवंतीत पूर्वी सिद्ध झालेला मार्ग उत्परिवर्तनाचा आहे. मुळे धरलेल्या शेवंतीच्या कलमांना १५ ते २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) इतके गॅमा किरण दिले की काही झाडांच्या फुलांत एखादी-दुसरी पाकळी वेगळ्या रंगाची येते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने अशा रीतीने पुष्कळ वाण काढले. किरणांची सोय मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. एखाद्या कृषी विद्यापीठाला सोबत घेतले तर काम सोपे जाते. एका पाकळीपुरता असलेला रंग कलमाने टिकत नाही, आणि येथे आपली प्रयोगशाळा उपयोगी पडते. वेगळ्या रंगाची तेवढी पाकळी, कळी अर्धवट उमललेली असताना, बुडाच्या भागासकट काढून बीएपी आणि एनएए ही वाढ-संप्रेरके घातलेल्या एमएस या पोषक माध्यमावर ठेवली, तर तिच्या कडेने थेट कोंब येतात आणि संपूर्ण झाड त्या रंगाचे मिळते. निळा रंग याने येणार नाही. पांढरा, फिकट गुलाबी, तांबूस, दुरंगी असे मात्र येतात, आणि दसरा-दिवाळीच्या बाजाराला नवा दुरंग पुष्कळ पुरतो. मात्र किरण देण्यासाठी स्वामित्वशुल्काचा वाण घेऊ नये, स्थानिक किंवा सरकारी संस्थेचा घ्यावा.

या मार्गाला जायचे असो की पुढे-मागे एखाद्या संस्थेबरोबर जनुक-स्थानांतरणाला, पहिले काम दोन्हीकडे एकच आहे, आणि ते आपण या हंगामातच सुरू करू शकता. आपल्याकडच्या प्रत्येक शेवंती वाणाची पाने आणि पाकळ्या यांचे तुकडे घ्या, बीएपी आणि एनएए यांच्या तीन-चार जोड्यांवर ठेवा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी कोणत्या वाणात किती तुकड्यांना थेट कोंब आले आणि किती तुकडे नुसते कॅलस होऊन राहिले, याची नोंद करा. आलेल्या कोंबांची रोपे पॉलिहाऊसात फुलेपर्यंत वाढवा आणि मूळ वाणाशी फुलाफुलाने ताडून पाहा. ज्या वाणात तुकड्यांपासून भरपूर कोंब येतात आणि फुले मूळ वाणासारखीच राहतात, तो एक वाण हाती लागला की त्याची मातृझाडे वेगळी राखून ठेवा आणि मग मला नोंदी पाठवा.